अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

घर विकत घेण्यापूर्वी काही वर्षे भाड्याने राहून पाहावे, हा गतांकातील पत्रलेखकांचा सल्ला मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, मुद्रांकावर सह्या करून नोटरीचा शिक्का घेतला की काम भागते, हे त्यांचे विधान महाराष्ट्रापुरते तरी चुकीचे असून त्यावर विसंबणाऱ्याची हानी करणारे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची केली, त्यातून अकरा महिन्यांचा प्रघात पडला, हे खरे. तथापि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने, मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि दस्त नोंदलेला नसल्यास, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

उलटपक्षी, याच अधिनियमाच्या कलम २४ अन्वये राहण्यासाठी परवान्याने घेतलेली जागा मुदत संपूनही न सोडणाऱ्यास ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. माझ्या पहिल्या बिऱ्हाडाच्या वेळी नोंदणीविषयीची ही तरतूद मला ठाऊक नव्हती. तोंडी ठरलेली अनामत कागदावर नसल्यामुळे ती मला परत मिळाली नाही, आणि त्या काळातली ती माझी वर्षभराची शिल्लक होती. म्हणून नव्या भाडेकरूंना कळकळीची विनंती, की नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत हाती आल्याखेरीज अनामत देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे