बंद इंजिनाचे अंदाजपत्रक

धानाची रोवणी तोंडावर आली असता, मामा तलावांच्या काठी चालावयाचे डिझेल पंप कुडवा-गोंदिया परिसरातील वर्कशॉपांत उघडे पडून राहावेत, आणि तेही स्पेअर पार्टांच्या अभावी नव्हे तर केवळ एका कागदापायी, ही गोष्ट संतापजनक आहे. वाचकबांधवांच्या पत्रांतील तक्रार एकच आहे : सरकारी मालकीचे इंजिन ओव्हरहॉलिंगला आले की कार्यालय प्रथम बाबवार अंदाजपत्रक मागते आणि मंजुरीवाचून एक नटही ढिला करू देत नाही, म्हणजे लायनरला बोअर गेज व क्रँकपिनला मायक्रोमीटर लावल्यावरच जो तपशील हाती यावयाचा, तो बंद इंजिनाकडे पाहून लिहून द्यावा, अशी या साहेबलोकांची अपेक्षा! पुढे क्रँक अंडाकृती निघाली, तर पुरवणी अंदाजपत्रक, नवी दरपत्रके, नवा शेरा. आणि तोवर पावसाळी हवेत लायनर गंजला, तर जबाब मेकॅनिकाने द्यावयाचा.

या पद्धतीत काम मिळते ते ‘रिंगसेट व गॅस्केट’ एवढेच लिहून सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. परंतु ८० मि.मी. बोअरचा लायनर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात ०.२० मि.मी.ने झिजला असेल, तर तेथे नव्या रिंगेचा गॅपही ०.६० मि.मी.हून अधिक वाढतो, आणि ०.३० मि.मी.वर बसवलेली रिंग त्या जागी जवळजवळ ०.९० मि.मी. उघडी राहते. असे इंजिन पहिल्या महिन्यातच तेल खाऊ लागले, तर नवल ते काय? त्यातून आपल्याकडील राईस मिलांच्या आवारातली धूळ : धानाच्या भुशाची जी पंचमांश राख उरते, तिच्यात बहुतांश सिलिकाच असते, आणि एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालेल्या इंजिनात तिचे काम एमरी पावडरीहून निराळे नसते.

कार्यालयांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की, उघडणी व मोजणी हे स्वतंत्र काम मानून त्याची अल्प रक्कम आगाऊ मंजूर करावी, आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक मापे हाती आल्यावरच मागवावे.

मात्र ही मागणी करणाऱ्यांपाशी मापे तर हवीत! क्रँकपिनवरून नख फिरवून ‘चालेल’ म्हणणारे, बेअरिंगचे तांबे उघडे दिसत असता जर्नलचे माप न घेता ०.२५ अंडरसाइज मागवणारे बांधव आजही थोडे नाहीत, आणि त्यांच्या कोऱ्या दप्तरामुळे प्रामाणिक कारागिराच्या शब्दालाही कार्यालयात वजन राहत नाही. बंधूंनो, या अंकासोबत मापपत्रिकेचा नमुना जोडला आहे. लायनर तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी मोजा. क्रँकपिन दोन्ही टोकांना मोजा. सही करून एक प्रत गिऱ्हाइकाला आणि एक आमच्याकडे रोवणी सुरू होण्यापूर्वी पाठवा. त्या पत्रिका घेऊनच आम्ही जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाणार आहोत.