शिधापत्रिका आठवडे बाजारात का चालू नये?

गरिबाला द्यावयाचे अन्नसाहाय्य धान्याच्या रूपात असावे की पैशाच्या, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्यात पैशाच्या बाजूने कौल दिला. मराठवाड्यातील ८, अमरावती विभागातील ५ आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य स्वस्त दराने मिळत असे. केंद्राकडून या योजनेसाठी गहू-तांदूळ येणे थांबले, आणि त्याऐवजी माणशी १५० रुपये बँकेच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये करण्यात आली. जळगाव आणि धुळे हे जिल्हे या यादीत नाहीत. तथापि मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरकडे निघाले की या योजनेचा मुलूख लागतो. आज शेजारी चाललेला प्रयोग उद्या खानदेशात येणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही.

या १७० रुपयांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ३,३७१ रुपये होता. त्या भावाने १७० रुपयांत ५ किलोंहून किंचित अधिक ज्वारी येते. २०२५-२६ साठी हमीभाव ३,६९९ रुपये झाला, आणि तेवढ्याच पैशांत ४ किलो ६०० ग्रॅम येऊ लागली. किरकोळ बाजारातला भाव आणि खानदेशची आवडती दादर यांचा तर येथे विचारच केलेला नाही. म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे अधिक देणारा जो निर्णय, तोच कार्डधारकाचे ताट लहान करतो. दोघे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरातले! रोख रकमेचा हा दोष काही नवा नाही: रक्कम ठरवणारे हात वर्षानुवर्षे हलत नाहीत, आणि भाव मात्र दर हंगामाला हलतो. झारखंडात रांचीजवळ नगडी येथे २०१७ मध्ये तांदळाऐवजी पैसे देण्याचा प्रयोग झाला. आधी बँकेत पैसे आले का ते पाहायचे, मग ते काढायचे आणि मग दुकानात जायचे, या हेलपाट्यांना लोक इतके विटले की पुढच्याच वर्षी तो गुंडाळावा लागला.

याचा अर्थ धान्य देण्याची आजची पद्धत निर्दोष आहे, असा नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आधार मोठा आहे. तो काढून घेण्याची भाषा कोणी करू नये. परंतु जे मिळते ते मुख्यत्वे गहू आणि तांदूळ, आणि ज्या प्रदेशात ते मिळते तो कळण्याच्या भाकरीचा. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या या पिठाने खानदेशच्या कष्टकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पोसले. तापीकाठची काळी जमीन दादरची, धुळ्याकडची हलकी जमीन बाजरीची. अशा मुलखात तांदळाची पिशवी घरी येते आणि पुष्कळदा तशीच व्यापाऱ्याकडे जाते, हे सर्वश्रुत आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या महाराष्ट्राने अमेरिकेतून आलेला लाल मिलो रांगेत उभे राहून घेतला. तेव्हा निरुपाय होता. आज तसा निरुपाय नसताना पोटाची सवय गोदामाच्या सोयीने का बदलावी?

त्याच अमेरिकेने १९३९ मध्ये एक निराळा मार्ग चोखाळला होता. मंदीने गांजलेल्या कुटुंबांना नारिंगी आणि निळी अशी दोन प्रकारची कुपने मिळत. नारिंगी कुपन विकत घ्यावे लागे आणि त्यावर कोणतेही अन्न घेता येई. एक डॉलरच्या नारिंगी कुपनामागे अर्ध्या डॉलरचे निळे कुपन फुकट मिळे, पण त्यावर शेतात वाजवीपेक्षा अधिक पिकलेला मालच घ्यावा लागे. भुकेला ग्राहक आणि भाव न मिळणारा शेतकरी या दोघांची गाठ घालून देणारी ही युक्ती होती. पुढे १९९२ मध्ये गरीब माता व बालके यांच्यासाठी तेथे केवळ शेतकरी बाजारातच चालणारी कुपनेही निघाली.

भारतीय कायद्याला ही कल्पना परकी नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या १२ व्या कलमात अन्नकुपनांचा, स्थानिक वितरणव्यवस्थेचा आणि धान्याखेरीज इतर जिन्नस देण्याचा उल्लेख आहे. शेतकऱ्याने ग्राहकाला थेट विकावे यासाठी राज्याने २०१६ मध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले; परंतु त्यांचा रोख पुण्या-मुंबईच्या ग्राहकाकडे. खानदेशचे जुने आठवडे बाजार आपापल्या वारी भरतच आहेत. तेथे दोन वाटे मेथी, पावशेर मिरची, भरिताची वांगी घेणारी मजूर बाई हीच रेशनच्या दुकानातलीही ग्राहक असते. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ती पिकवणाऱ्याच्या शेजारच्या झोपडीत आठवड्यातून एकदा तरी भाजी शिजावी, याची तरतूद मात्र कोणत्याही कार्डावर नाही.

तेव्हा आजच्या मोफत धान्याला हात न लावता, त्याच्या जोडीला बाजारात चालणारे कुपन द्यावे. ते रुपयांत नव्हे, किलोंत असावे: इतकी ज्वारी किंवा बाजरी, इतकी डाळ, इतकी भाजी. भाव चढला तर त्याचा भार शासनाने सोसावा, कार्डधारकाने नव्हे. हाच या सूचनेचा गाभा आहे, आणि कोषागाराला नेमका हाच अप्रिय वाटेल.

अडचणी आहेतच. सात-बारा पाहून शेतकऱ्याची नोंद केली, तरी तो उतारा पुढे करून व्यापारीच गाळा मांडील; आणि जो दुसऱ्याची जमीन बटाईने कसतो त्याचे नाव उताऱ्यावर नसल्यामुळे खरा पिकवणाराच बाहेर राहील. भाजी वाट्यावर विकली जाते, तिला किलोचे माप लावायचे तर बाजारात तपासलेला काटा ठेवावा लागेल. कुपनधारकाला एक भाव आणि रोखीच्या गिऱ्हाइकाला दुसरा, असेही होईल. त्यासाठी दिवसाचा भाव फळ्यावर लिहिणे आणि ग्रामपंचायतीच्या माणसाने तो पाहणे हा साधा उपाय आहे. सर्वांत नाजूक गोष्ट पैसे चुकते करण्याची. माल विकून आलेल्या पैशांतूनच शेतकरी त्या दिवशी तेल-मीठ आणि पोराची वही घेऊन घरी जातो. त्याच्या कुपनाचे पैसे तालुक्याच्या कचेरीत दोन महिने अडकले, तर तिसऱ्या बाजारी तो कुपन पाहताच तोंड फिरवील, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. याकरिता सायंकाळी बाजारातच रोख देणारा माणूस बसवावा लागेल, त्यासाठी आगाऊ रक्कम ग्रामपंचायतीकडे ठेवावी लागेल.

आरंभ दोन्ही जिल्ह्यांत एकदम करण्याची गरज नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे, आणि पिकवणारा व उपाशी राहणारा यांच्यातील अंतर तेथे सर्वांत कमी. तेथील दोन-चार बाजार निवडून, खरिपाची बाजरी-ज्वारी बाजारात येते त्या दिवाळीच्या सुमारास कुपने काढावीत आणि उन्हाळ्यात, घरातले दाणे संपतात तेव्हाही, ती चालू ठेवून पाहावीत. भाजी महाग आणि मजुरी दुर्मिळ अशा त्या महिन्यांत किती कुपने बाजारात वटली आणि किती घरातच राहिली, ते मोजले म्हणजे पुढच्या वर्षीची तरतूद किती करावयाची हे ठरवता येईल.