फ्रेम नेमकी कुठे गळते?

ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘स्टॅट्स’ विंडोत तीन आकडे एकाखाली एक दिसतात: रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम. ट्विचवर किंवा यूट्यूबवर गेमचा लाइव्ह स्ट्रीम पाहणाऱ्याला यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी चित्र अडकले, एवढेच. मात्र तिन्ही बिघाडांची ठिकाणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे. तरीही पहिला आळ येतो तो इंटरनेटवर. नवा राउटर येतो, महागडा प्लॅन घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी चित्र पुन्हा अडकते. कारण दमलेले असते ते ग्राफिक्स कार्ड. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गेममधले चित्र प्रेक्षकापर्यंत पाच टप्प्यांनी पोचते. आधी ते गेममधून पकडले जाते. मग त्यावर वेबकॅम, चॅट, लोगो यांची मांडणी होते. एन्कोडर ते दाबून लहान करतो. इंटरनेटवरून ते सर्व्हरकडे जाते आणि तिथून प्रेक्षकांना वाटले जाते. सेकंदाला 60 फ्रेम पाठवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात संगणकावरच्या एखाद्या टप्प्याचे काम उरकले नाही, की ती फ्रेम गेलीच.

दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. स्ट्रीम चालू असतानाच, त्याच एन्कोडरने, संगणकावर रेकॉर्डिंग करायचे आणि नंतर ते नीट पाहायचे. रेकॉर्डिंगही अडखळत असेल, तर बिघाड घरातल्या यंत्रात आहे. राउटर बदलून काही होणार नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि स्ट्रीम तुटक असेल, तर बिघाड संगणकाच्या बाहेर पडल्यानंतरचा.

पहिल्या टप्प्यावरची नेहमीची तक्रार म्हणजे काळा पडदा: आवाज येतो, चित्र नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर हे हमखास घडते. गेम एका चिपवर चालतो आणि ओबीएस दुसरीवर, त्यामुळे ‘गेम कॅप्चर’च्या हाती काही लागत नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन दोघांना एकाच चिपवर आणले की बहुधा काम होते. काही गेममधली फसवणूकविरोधी यंत्रणाही ओबीएसला आत शिरू देत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये 2020 साली ‘ट्रस्टेड मोड’ आला, तेव्हा हाच अनुभव आला होता. अशा वेळी ‘विंडो कॅप्चर’ किंवा ‘डिस्प्ले कॅप्चर’ वापरायचे. प्लेस्टेशनचे चित्र कॅप्चर कार्डातून काळे येत असेल, तर कारण एचडीसीपी हे नक्कलविरोधी कुलूप असते. ते कन्सोलच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये बंद करता येते. ते बंद असेपर्यंत त्या कन्सोलवर काही व्हिडिओ ॲप चालत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल, तर ग्राफिक्स कार्डाला उसंत नाही असे समजायचे. पडद्यावरची मांडणी ओबीएस त्याच कार्डाकडून करून घेते. गेमला मोकळे सोडले तर तो कार्डाची ताकद शंभर टक्के वापरतो आणि ओबीएसची पाळी येतच नाही. खेळणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर गेम लोण्यासारखा दिसतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. अशा वेळी गेमच्या फ्रेम दरावर लगाम घालावा: सेकंदाला दीडदोनशे फ्रेम काढणाऱ्या गेमला 120 वर किंवा 60 वर थांबवावे, सावल्या आणि प्रतिबिंबांची पातळी उतरवावी. विंडोजवर ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडले, तर ग्राफिक्स कार्डाकडे त्याला अग्रक्रम मिळतो. मांडणीत ठेवलेली हलती चित्रे आणि ब्राउझरचे तुकडे कमी केले, तरी भार हलका होतो.

तिसरा टप्पा एन्कोडिंगचा. 1920 गुणिले 1080 आकाराच्या एका फ्रेममध्ये वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला 24 बिट धरले, तर 60 फ्रेमचे कच्चे चित्र सेकंदाला सुमारे तीन गिगाबिट होते. ते सेकंदाला सहा मेगाबिटच्या स्ट्रीममध्ये बसवायचे म्हणजे पाचशे पटींनी दाबायचे. एक्स264 हा एन्कोडर हे काम प्रोसेसरकडून करून घेतो आणि त्याच प्रोसेसरवर गेमही चालू असतो. ओबीएसमध्ये त्याचा प्रीसेट मुळात ‘व्हेरीफास्ट’ असतो. चांगल्या चित्राच्या आशेने तो ‘मीडियम’वर नेला की सामान्य प्रोसेसर गुडघे टेकतो आणि ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ अशी सूचना झळकते. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांमध्ये 2012 पासून एनव्हेंक नावाचा स्वतंत्र एन्कोडर असतो. इंटेलचा क्विक सिंक आणि एएमडीचा एन्कोडर त्याच जातीचे. एन्कोडिंगसाठी वेगळी जागा राखलेली असल्याने गेमवर त्यांचा फारसा भार पडत नाही. 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हेंकचे चित्रही इतके सुधारले, की एकाच संगणकावर खेळून स्ट्रीम करणाऱ्याला एक्स264 चा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही.

नेटवर्कची पाळी यानंतर येते. बहुतेक स्ट्रीम आरटीएमपी या पद्धतीने जातात आणि ती टीसीपीवर चालते. टीसीपीत वाटेत हरवलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो. तो पाठवेपर्यंत मागच्या फ्रेम रांगेत तुंबतात आणि रांग मर्यादेबाहेर गेली की ओबीएस काही फ्रेम टाकून देते. म्हणून स्पीड टेस्टचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. ती टेस्ट काही सेकंदांचा वेग सांगते. स्ट्रीमला तीन तास न डगमगणारा अपलोड लागतो. वाय-फायऐवजी केबल लावणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी इलाज. घरातला दुसरा फोन त्याच वेळी फोटोंचा बॅकअप घेत असेल, तर तो थांबवावा. मग सर्व्हर बदलून पाहावा. तरीही फ्रेम गळत राहिल्या, तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या डेटाचे प्रमाण, उतरवावा. ओबीएसमध्ये गर्दी पाहून बिटरेट आपोआप कमी करण्याचीही सोय आहे. ती चालू असली की फ्रेम गळण्याऐवजी चित्र थोडा वेळ मऊ होते. सहा मेगाबिटचा स्ट्रीम तासाला सुमारे 2.7 जीबी डेटा खातो, हा हिशेब मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून स्ट्रीम करणाऱ्याने आधीच मांडलेला बरा.

एक दोष तिन्ही आकड्यांत दिसत नाही. सगळीकडे शून्य असते, फ्रेम एकही गळत नाही, पण पात्र धावू लागले की चित्र फुटते आणि गवताची चौकोनी ठिगळे होतात. इथे बिटरेट आणि चित्राचा आकार यांचे गणित चुकलेले असते. ट्विच सर्वसाधारण स्ट्रीमसाठी 6000 केबीपीएसपर्यंतचा बिटरेट सुचवते. तेवढ्यात 1080पी आणि 60 फ्रेम बसवल्या, तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे 0.05 बिट येतो. 720पी ठेवले तर 0.11, म्हणजे दुपटीहून अधिक. बुद्धिबळाच्या पटाला पहिला आकडाही पुरतो, कारण पट जवळपास स्थिर असतो. गवत, पाऊस आणि धूर यांतून पळापळ चालणाऱ्या बॅटल रॉयाल गेमला तो पुरत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथे अक्षरशः लागू पडते. 1080पी हा आकडा प्रतिष्ठेचा झाला असला, तरी अशा गेममध्ये फोनवर पाहणाऱ्या प्रेक्षकाला स्वच्छ 720पी अधिक सुखाचे असते. यूट्यूब याहून जास्त बिटरेट स्वीकारते. तिथे अडचण मर्यादेची कमी आणि घरच्या अपलोडची अधिक. दोन्हीकडे बिटरेट स्थिर, म्हणजे सीबीआर, आणि कीफ्रेमचे, म्हणजे संपूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचे, अंतर दोन सेकंद ठेवणे योग्य.

काही बिघाड फक्त चित्राच्या एखाद्या तुकड्यात दिसतात. गेम सुरळीत आणि वेबकॅममधला चेहरा अडखळत असेल, तर आधी खोलीतला उजेड पाहावा. अंधारात कॅमेरा एकेका फ्रेमला जास्त वेळ घेतो आणि फ्रेम दर खाली येतो. उजेड पुरेसा असेल, तर यूएसबीकडे वळावे. यूएसबी 2.0 ची क्षमता सेकंदाला 480 मेगाबिट आहे आणि 1080पी, 30 फ्रेमच्या न दाबलेल्या वेबकॅम चित्राला साधारण हजार मेगाबिट लागतात. म्हणून अशा कॅमेऱ्याला ओबीएसमध्ये एमजेपीईजी हा दाबलेला प्रकार निवडून द्यावा लागतो. कॅप्चर कार्डाचे रंग धुतल्यासारखे फिके किंवा सावल्या कोळशासारख्या काळ्या दिसल्या, तर रंगांची पट्टी जुळलेली नसते: एका बाजूला 0 ते 255 आणि दुसऱ्या बाजूला 16 ते 235. दोन्हीकडे एकच पट्टी ठेवली की रंग जागेवर येतात. गेममध्ये एचडीआर चालू राहिल्यानेही साध्या स्ट्रीममध्ये रंग उडतात.

भारतात बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियासारखे (बीजीएमआय) गेम थेट फोनवरून स्ट्रीम करणारे पुष्कळ आहेत. तिथे गेम, एन्कोडिंग आणि अपलोड हे सगळे एकाच चिपच्या माथी येते. फोन तापला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पहिला अर्धा तास उत्तम आणि पुढे रखडगाडी. कव्हर काढणे, पंख्याखाली खेळणे, चार्जिंग करत खेळणे टाळणे आणि गेमचे ग्राफिक्स एक पायरी उतरवणे, हे यावरचे साधे उपाय.

शेवटचा टप्पा प्रेक्षकाचा. तक्रार एकदोघांचीच असेल आणि ओबीएसचे आकडे शून्यावर असतील, तर अडचण त्यांच्या जोडणीत असते. ट्विचवर लहान चॅनेलला कमी दर्जाचे पर्याय मिळतीलच याची खात्री नसते. तिथे 6000 केबीपीएस पाठवले, की कमी वेगाच्या प्रेक्षकालाही तेवढेच घ्यावे लागते. नव्या स्ट्रीमरने 3000 ते 4500 केबीपीएसवर राहावे, ते यासाठी.

उपाय करताना एका वेळी एकच सेटिंग बदलायचे आणि दहा मिनिटे आकडे पाहायचे. त्यासाठी प्रेक्षकांना वेठीला धरण्याची गरज नाही: ट्विचसाठी ओबीएसमध्ये बँडविड्थ चाचणीचा पर्याय आहे, तो चालू असताना स्ट्रीम चॅनेलवर दिसत नाही, यूट्यूबवर स्ट्रीम ‘प्रायव्हेट’ ठेवता येतो. चाचणी मात्र ज्या वेळी स्ट्रीम व्हायचा त्याच वेळी, तोच गेम चालवून घ्यायची. दुपारी रिकाम्या डेस्कटॉपवर घेतलेली चाचणी रात्री नऊच्या सामन्याबद्दल काहीच सांगत नाही.