नंबरप्लेट आणि कंपोझिट की

दुबईच्या रस्त्यावर १२३४५ क्रमांकाची गाडी दिसली, तर ती कोणाची? नुसत्या क्रमांकावरून सांगता येत नाही. इथे अमिराती सात. दुबईच्या प्लेटवर अक्षरी कोड असतो, अबू धाबीच्या प्लेटवर अंकी. अमिरात, कोड आणि क्रमांक तिन्ही जुळले की प्लेट एकच ठरते. डेटाबेसच्या भाषेत ही कंपोझिट की. आपल्या सातबाऱ्यालाही नुसता गट क्रमांक पुरत नाही. जिल्हा, तालुका, गाव लागतेच.

टेबलातल्या ओळी प्रोग्रामच्या ऑब्जेक्टमध्ये आणणाऱ्या ओआरएमला मात्र एकाच रकान्याची की सोपी जाते. जँगोमध्ये कंपोझिट प्रायमरी की आली ती थेट २०२५ साली, ५.२ आवृत्तीत. हायबरनेटमध्ये सोय जुनी आहे, पण सहसा तिन्ही भागांचा वेगळा की-क्लास लिहावा लागतो. इक्वल्स आणि हॅशकोडसकट.

म्हणून पुष्कळ जण एक 'आयडी' रकाना लावून मोकळे होतात. त्याला माझी हरकत नाही. प्लेट एका गाडीवरून दुसरीवर जाऊ शकते, तेव्हा गाडीला स्वतःचा आयडी हवाच. हरकत आहे ती प्लेटच्या तिन्ही रकान्यांवर युनिक बंधन न घालण्याला, आणि नुसत्या क्रमांकाने शोधून पहिली सापडेल ती ओळ उचलण्याला. अशा कोडमुळे शारजातल्या गाडीचा दंड दुबईतल्या माणसाच्या नावावर पडू शकतो, आणि तो निस्तरायला त्या बिचाऱ्यालाच खेटे घालावे लागतात.

तेव्हा आयडी खुशाल ठेवा, पण युनिक बंधन डेटाबेसमध्येच घाला. आणि अर्धवट की घेऊन कोणी विचारले, तर अंदाजाने गाडी दाखवण्यापेक्षा सरळ एरर द्या.