फरशीखालचा गंज

दिवाळी आली की आपण भिंतींना सफेदी देतो. त्यात गैर काहीच नाही. सणासुदीला घर उजळलेच पाहिजे. परंतु सफेदी दिली म्हणजे भिंत दुरुस्त झाली, असे कोणी शहाणा गृहस्थ समजत नाही. दुर्दैवाने हे शहाणपण घरापुरतेच टिकते. चार बिऱ्हाडांचे एक मंडळ झाले आणि मंडळाच्या हाती एखादा पोहण्याचा तलाव आला, की ते कुठे पळून जाते कोण जाणे!

रबाळ्याच्या आसपास, ऐरोली-घणसोलीच्या उंच इमारतींच्या आवारांत, असे काँक्रीटचे तलाव बांधले गेले. आता त्यांतल्या कित्येकांचे वय झाले आहे. तळाला तडे जातात, गिलावा पोपडे धरतो, फरश्या सुटतात. मंडळाचे उत्तर मात्र ठरलेले. तड्यात पांढरे सिमेंट कोंबा, वर निळी फरशी चिकटवा आणि सुट्टीपूर्वी नारळ फोडा! आमच्या वसाहतीत हा सोहळा ओळीने तीन वर्षे झाला. तोच तडा, तोच गवंडी, तोच नारळ. वर्गणीच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. या खर्चाला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा शृंगार आहे.

अहो, पाणी अडवते ते काँक्रीट. फरशी ही त्याची नुसती झूल. काँक्रीटला तडा गेला की त्यातून क्लोरीनचे पाणी आतल्या सळईपर्यंत पोहोचते. बाहेरून खाडीकाठच्या जमिनीतले खारे पाणी तेच काम करते. सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. ती मिळाली नाही, की तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. त्याच्यापुढे चिमूटभर पांढऱ्या सिमेंटची काय मातब्बरी? खाडीची हवा काय करते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ठाणे खाडीवरचा जुना पूल आठवावा. 1973 साली तो वाहतुकीला खुला झाला, त्याच्या पोटातल्या पोलादी तारा गंजल्या, आणि 1997 साली शेजारी दुसरा पूल बांधून खुला करावा लागला. तो तर मोठमोठ्या इंजिनिअरांचा पूल. आमचा तलाव कोण लागून गेला!

चिटणीस म्हणतात, “थोडे पाणी उन्हाने आटतेच हो.” आटते ना! पण किती, ते मोजा. तलावाच्या पायरीवर एक बादली पाण्याने भरून ठेवा, आतल्या-बाहेरच्या दोन्ही पातळ्यांवर खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा. ऊन दोघांनाही सारखेच लागते. बादलीपेक्षा तलाव जितका अधिक उतरला, तितका गळाला. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद तलाव रोज एक सेंटिमीटर गळला, तर ते दोन हजार लिटर पाणी झाले. महिन्याचे साठ हजार. नवी मुंबईचे पिण्याचे पाणी मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येते. इतक्या लांबून आणलेले पाणी आपण जमिनीत मुरवतो आणि वर पाणीकपातीच्या नावाने बोटे मोडतो.

आता मंडळाची दुसरी अक्कलहुशारी ऐका. पावसाळ्यात कोणी पोहत नाही, म्हणून तलाव तेव्हाच रिकामा करून काम काढायचे! पारसिकच्या डोंगरावरून पाणी उतरते आहे, जमीन तुडुंब आहे, आणि हे रिकामा हौद तिच्यात ठेवतात. रिकामी घागर पाण्यात दाबून धरून पाहा, म्हणजे कळेल. दोन मीटर खोल तलावाभोवती काठापर्यंत पाणी साचले, तर ते तळाला दर चौरस मीटरमागे दोन टनांनी वर ढकलते. वीस सेंटिमीटर जाडीच्या तळाचे वजन त्याच मापाने जेमतेम अर्धा टन. उरलेल्या दीड टनाशी झगडा कोण करणार? भिंतींच्या वजनाची थोडी मदत होते, पण रुंद तळ मधोमध उचलला जाऊन फुटतो. तडा बुजवायला जावे आणि दहा नवे घेऊन यावे, असा प्रकार.

खरी दुरुस्ती रटाळ असते आणि तिचे छायाचित्र चांगले येत नाही. तड्यावर काचेची पट्टी पक्की चिकटवून काही आठवडे थांबावे. काच फुटली तर तडा अजून हलतो आहे. त्यात कडक माल भरणे व्यर्थ, तिथे ताणले जाणारे पॉलियुरेथेनच हवे. न हलणाऱ्या तड्यात इपॉक्सी दाबाने भरता येते. गंजलेली सळई दिसली, तर तिच्या मागपर्यंत काँक्रीट फोडावे, लोखंड चकचकीत होईतो घासावे, मग लेप आणि नवा माल. काँक्रीट उन्हात वाढते, गारव्यात आकसते. त्यासाठी सोडलेल्या सांध्यात सिमेंट भरणाऱ्याला तर कामावरूनच घालवावे, कारण सांधा बुजवला की काँक्रीट आपला नवा सांधा स्वतःच पाडते. नवा थर देण्यापूर्वी पोकळ वाजणारा जुना गिलावा काढायचा, टाचे मारायचे, थर दिल्यावर तो ओला राखायचा, पाणी भरून गळती तपासायची. फरशी सगळ्यांत शेवटी.

याला एक अख्खा हंगाम लागेल, मुले कुरकुरतील. “मग बुजवून बाग करा,” असे म्हणणारेही आमच्यात आहेत. त्यांना माझा साधा सवाल आहे. पश्चिमेला खाडी, पावसाळ्यात डोंगरातून उतरणारे ओढे, आणि या दोहोंच्या मध्ये वाढणाऱ्या पोरांना पोहायला शिकवायचे कुठे? जुन्या गावठाणातली पोरे तळ्यात उडी मारून शिकत. आमची दहाव्या मजल्यावरची पोरे बागेतल्या हिरवळीवर हातपाय मारणार काय?

मंडळाची सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर आहे. पाऊस सरलेला असेल, जमिनीतले पाणी उतरू लागलेले असेल. काम तेव्हाच काढावे, पण तलाव उपसण्यापूर्वी शेजारी एक खड्डा खणून ते पाणी किती खाली गेले आहे, हे पाहावे, असा ठराव मी लिहून दिला आहे. निळ्या फरशीचे नमुने घेऊन कंत्राटदारही येणार आहे, असे कानावर आले. येऊ द्या. काचेच्या पट्ट्या मी आणून ठेवल्या आहेत.