स्वमग्न मूल आणि आईवरचा आरोप

'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतो आहे. आईने मोबाईल हातात दिला म्हणून पोर बोलत नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. आपल्या वस्त्यांत ज्या माता सकाळीच चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडतात, त्यांच्या माथी हा आरोप सर्वात आधी येतो. पूर्वी मागच्या जन्मीचे पाप होते, आता मोबाईल आहे. बोट मात्र आईकडेच!

असे कोणतेही निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय वर्गीकरणात नाही. बाळ तासन्‌तास स्क्रीनसमोर असले की त्याच्याशी बोलणे कमी होते, भाषा मागे पडू शकते, हे खरे. पण त्यातून स्वमग्नता निर्माण होते, हे सिद्ध झालेले नाही.

हा आरोप जुनाच आहे. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन केले आणि पालकांच्या थंडपणाचीही नोंद केली. 1967 मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी तर अशा मुलांची तुलना नाझी छळछावणीतील कैद्यांशी केली. मग आई कोण ठरली, हे वेगळे सांगायला नको. वास्तविक 1964 मध्येच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते, कारण मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे मांडले होते. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला.

मग आईबापांच्या वागण्याला महत्त्वच नाही का? आहे, पण वेगळ्या अर्थाने. स्वमग्न बाळाचे इशारे क्षीण असतात, चटकन कळत नाहीत. ते ओळखायला पालकांना शिकवता येते. आई-बाळाच्या खेळाचे काही मिनिटांचे चित्रण करायचे, मग आईसोबत बसून ते पाहायचे : बाळाने इथे पाहिले, इथे हात पुढे केला, इथे आपण थोडे थांबलो असतो तर? ऑस्ट्रेलियात पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच्या, सुरुवातीची लक्षणे दिसणाऱ्या शंभरावर बाळांवर असा प्रयोग झाला. 2021 च्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान या गटात 6.7 टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात 20.5 टक्के होते. अभ्यास लहान आहे आणि बऱ्याच मुलांच्या विकासातील अडचणी उरल्याच. 'ऑटिझम बरा होतो' म्हणून पैसे उकळणाऱ्यांनी हे आकडे वापरू नयेत.

आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला गोवा आणि रावळपिंडीचा अभ्यास. तिथे 65 मुलांच्या पालकांना हे शिकवले ते विशेषज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलेही आपणहून संवाद सुरू करू लागली. म्हणजे हे काम मोठ्या शहरातील महागड्या थेरपी सेंटरपुरते राहण्याचे कारण नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करायची असते. आपल्या अंगणवाडीत पथक शेवटचे कधी आले, मुलांच्या बोलण्या-वागण्याकडे पाहिले की नुसते वजन करून गेले, हे कार्यकर्त्यांनी विचारावे. वर्षाचे बाळ नावाला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे बोट दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नये. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे. आणि शक्यतो बापानेही सोबत जावे.