टेबल टेनिसच्या फळीविषयीं थोडेंसें

आमच्या शाळेंतील टेबल टेनिसच्या टेबलाभोंवतीं संध्याकाळीं जी गर्दी जमते, तींतून दर वर्षीं चार-सहा मुलें खेळांत पुढें सरकतात, आणि दसरा-दिवाळी जवळ आली कीं त्यांचे पालक मजकडे येऊन विचारतात, "सर, मुलगा आतां बरा खेळूं लागला आहे. त्याला चांगली बॅट कोणती घ्यावी?" प्रश्न साधा दिसतो. तथापि दोन वर्षांपूर्वीं या प्रश्नाचें मीं चुकीचें उत्तर दिलें, आणि त्या चुकीचे पैसे एका ट्रॅकमनच्या घरानें भरले. त्या ऋणाची थोडीबहुत फेड व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहें.

मुलगा येथील, म्हणजे दौंडच्या, रेल्वे वसाहतींतला. तेव्हां नववींत होता. शाळेच्या जुन्या बॅटीनें तो खेळे. पुश, ब्लॉक, टॉपस्पिन, प्रसंगीं टेबलापासून दोन पावलें मागें सरून चॉप, असें सगळें थोडें थोडें त्यास येत होतें आणि दर महिन्यास त्यांत भर पडत होती. आपण चढाई करणारे होणार कीं बचाव करणारे, हें अजून त्याचें त्यालाच ठाऊक नव्हतें. अशा खेळाडूस ऑलराउंड म्हणतात. वडिलांनीं विचारतांच मीं मोठ्या ऐटींत सांगितलें कीं, जगांतले नामांकित खेळाडू हल्लीं कार्बन घातलेली फळी वापरतात, तीच घ्या. एकदां घेतली म्हणजे कॉलेजपर्यंत पाहावयास नको. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तें, सर." रेल्वेचा दसऱ्यापूर्वींचा बोनस नुकताच हातीं आला होता. त्यांतले दहा हजारांहून अधिक रुपये नुसत्या फळीवर गेले; रबरांचे निराळे. त्या वर्षीं त्या घरांत दिवाळीचे नवे कपडे एकट्या धाकट्या मुलीसच घेतले गेले, हें मला पुष्कळ उशिरां कळलें.

पहिले दोन-तीन आठवडे चेंडू गोफणगुंड्यासारखा सुटे व सर्व मुलें कौतुकानें पाहात. पुढें मात्र एकेक गोष्ट बिघडूं लागली. जाळ्याजवळचा हलका पुश उंच उडूं लागला, तेव्हां त्यानें पुश करणेंच टाळलें. टॉपस्पिन टेबलाबाहेर जाऊं लागला, तेव्हां हात पुरा फिरविणें सोडून तो मनगटाच्या झटक्यावर भागवूं लागला. अखेर येणाऱ्या चेंडूपुढें बॅट नुसती धरून ठेवणें एवढाच त्याचा खेळ उरला. जानेवारींत झालेल्या एका शालेय सामन्यांत शिरूरच्या एका मुलानें त्यास सरळ तीन गेममध्यें हरविलें. त्या मुलाची फळी पांच थरांची, साधी, कडेनें घासून काळी पडलेली होती. सामना संपल्यावर वडील मजजवळ आले. रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "सर, आधींच्या बॅटीनें तो बरा खेळत होता ना?"

मीं काय उत्तर दिलें तें आतां आठवत नाहीं. योग्य असें कांहीं दिलें नसावें.

बॅटीवरचीं दोन्ही रबरें सोलून काढलीं म्हणजे जें लांकूड उरतें ती फळी होय. खेळाडू तिला 'प्लाय' म्हणतात, कित्येक 'ब्लेड' म्हणतात. माझे वडील शिरूरास सुतारकाम करीत. लांकडाच्या भुशांत मी लहानाचा मोठा झालों. इतरांनीं नाहीं तरी मीं त्या फळीकडे लांकूड म्हणून आधीं पाहावयास हवें होतें. साधी फळी पांच थरांची असते. मधला थर जाड व हलका, बहुधा आफ्रिकेंतील आयूस नांवाच्या झाडाचा. त्याच्या दोहों बाजूंस एकेक पातळ थर, आणि सर्वांत बाहेर पुष्कळदां लिंबा किंवा कोटो या लांकडाचे थर. (या लिंबाचा आपल्या कडुलिंबाशीं कांहीं संबंध नाहीं. एका विद्यार्थ्यानें अंगणांतल्या झाडाची फांदी तोडून आणली होती, म्हणून सांगतों!) मधल्या थराच्या रेषांस त्याच्या लगतचे थर आडवे बसवितात, त्यामुळें फळी वांकत नाहीं. सुतार वापरतो त्या प्लायवुडाची युक्ति हीच. बाहेरचें लांकूड लिंबासारखें मऊ असलें तर चेंडू किंचित् रुतून मग निघाल्यासारखा वाटतो. कोटोसारखें कठीण असलें तर तो लौकर सुटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट जाडीची. एकाच लांकडाची पट्टी जाड केली तर तिची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. दहावीच्या मुलांनीं हिशेब करून पाहावा. साडेपांच मिलिमीटरांची फळी सहा मिलिमीटरांची केली, तर जाडी जेमतेम नऊ टक्क्यांनीं वाढली. ताठरता मात्र सुमारें तीस टक्क्यांनीं. दुकानांत डोळ्यांस न दिसणारा हा अर्धा मिलिमीटर टेबलावर लगेच दिसतो. ताठ फळी चेंडूस जोरानें परत फेंकते. कार्बनचें कामहि हेंच. खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें फळीच्या जाडीचा निदान 85 टक्के भाग नैसर्गिक लांकडाचा असावा लागतो. चिकटविण्याच्या थरांत कार्बनचे अथवा कांचेचे तंतु घालण्यास परवानगी आहे, परंतु असा थर एकूण जाडीच्या 7.5 टक्के किंवा 0.35 मिलिमीटर यांपैकीं जें कमी भरेल त्याहून जाड असूं नये. जाड कागदाएवढा हा थर. पण फळीचा स्वभाव पालटून टाकतो.

आतां हा वेग शिकणाऱ्यास कां बाधतो? चेंडू बॅटीस टेकलेला असतो तो सुमारें सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळांत विचार करणें कोणासच शक्य नाहीं. उरतो तो मुठीस जाणवणारा कंप. चेंडू मध्यावर बसला कीं कडेस लागला, घासून गेला कीं आपटला, हें हात त्या कंपावरून ओळखतो आणि पुढच्या खेपेस आपणहून सुधारतो. साध्या लांकडाची फळी ही बातमी हातास उघडपणें सांगते. तिला स्वतःचा वेग बेताचा. म्हणून चेंडू पलीकडे जोरानें जावा असें वाटत असेल तर पाय हलवावे लागतात, कंबर वळवावी लागते, हात पुरा फिरवावा लागतो. तोच तर अभ्यास! उलट फळीनेंच वेग पुरविला कीं हात आंखडतो. ज्यांचे फटके हजारों वेळां घोटून पक्के झाले आहेत, त्यांनीं कार्बन जरूर वापरावा. नववीच्या मुलाचे फटके अजून ओल्या मातीचे आहेत.

पालकांचा एक आक्षेप मी नेहमीं ऐकतों, आणि तो समंजस आहे : "पुन्हा पुन्हा खर्च कशाला? एकदांच भारी वस्तू घेऊं, पुढें उपयोगी पडेल." आपण वाढत्या अंगाचा गणवेश शिवतों तो याच विचारानें. परंतु गणवेशाच्या बाह्या दुमडतां येतात, चड्डीस टांका घालतां येतो. फळीचा वेग दुमडून ठेवतां येत नाहीं. खेळाडू तिच्याजोगा होईपर्यंत दोन वर्षें जातात, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत हाताच्या खोडी कायमच्या ठरतात.

साधनाच्या जोरावर सामना जिंकतां येतो, हें मी नाकारीत नाहीं. त्याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. 1952 सालीं टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईंत भरली. तोंपर्यंत बहुतेक खेळाडू दाणेदार कठीण रबराच्या बॅटीनें खेळत. चेंडू कसा मारला गेला हें त्यांस आवाजावरूनहि उमगे. जपानचा हिरोजी सातो हा जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिचा आवाज जवळजवळ होत नसे व चेंडू अनपेक्षित वेगानें येई. मोठमोठे खेळाडू गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. पण तें पद त्यास पुन्हा लाभलें नाहीं. त्याच्याच देशाचा इचिरो ओगिमुरा 1954 व 1956 अशा दोन सालीं जगज्जेता झाला. स्पंज त्याच्याहि बॅटीस होता, परंतु एव्हांना स्पंजांत नवल असें कांहीं उरलें नव्हतें, आणि ओगिमुरा प्रसिद्ध आहे तो त्याच्या कठोर सरावाबद्दल. पुढें 1959 सालीं नुसता स्पंज लावण्यास बंदी झाली आणि रबर व स्पंज मिळून चार मिलिमीटरांची मर्यादा ठरली. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतींत तर ते तीन आठवडेसुद्धां मुंबईच्या त्या एका स्पर्धेएवढे भरले नाहींत.

तर मग घ्यावें काय? पांच थरांची, निव्वळ लांकडाची, मध्यम वेगाची फळी घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. फळीवर 'ऑल' अथवा 'ऑल प्लस' अशी खूण असते. 'ऑफ' असें लिहिलेली सध्यां ठेवून द्यावी. मात्र सर्व कारखान्यांचें माप एक नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. स्टिगाची ऑलराउंड क्लासिक ही या जातीची जुनी व प्रसिद्ध फळी होय. नांव सांगितलें तें ओळख पटावी म्हणून, तीच घ्यावी म्हणून नव्हे. अशी फळी कार्बनच्या फळीपेक्षां निम्म्याहून कमी किंमतींत मिळते.

वजनाकडे मात्र कोणीच पाहात नाहीं, आणि माझ्या मतें तेथेंच खरी मेख आहे. एकाच नांवाच्या, एकाच कारखान्याच्या दोन फळ्यांत पांच-दहा ग्रॅमांचा फरक सहज आढळतो, कारण लांकूड शेवटीं लांकूड आहे. शाळकरी मुलास 80 ते 85 ग्रॅमांची पुरे. त्यावर दोन रबरें चढलीं कीं बॅट पावणेदोनशे ग्रॅमांच्या आसपास जाते, आणि ती तास-दीड तास हवेंत फिरवावयाची असते. दौंड-शिरूरकडे या वस्तूंचें खास दुकान नसल्यामुळें पुण्यास जावें लागतें किंवा घरबसल्या मागवावें लागतें. मागवितांना दुकानदारास वजन विचारावें. तो न सांगेल तर दुसरा पाहावा. आमच्या प्रयोगशाळेचा काटा शनिवारीं शाळा सुटल्यावर मी उघडा ठेवतों. कोणीहि फळी आणून तोलून पाहावी. मूठ खालीं पसरट असावी कीं सरळ, हें ज्याचें त्यानें हातांत धरून ठरवावें. मूठ आंवळून धरावी लागली तर ती त्या हाताची नव्हे.

वांचलेले पैसे रबरांसाठीं ठेवावे. फळी नीट जपली तर वर्षानुवर्षें टिकते. रबराची पकड मात्र झिजते व तें बदलावें लागतें. रबर सोलतांना वरच्या लांकडाचे तंतु निघूं नयेत म्हणून पहिल्या खेपेसच फळीवर वॉर्निशाचा अगदीं पातळ हात द्यावा. जाड दिला तर फळी बिघडते. आणि कृपा करून बॅट मोटारसायकलच्या डिकींत ठेवूं नका! आमच्याकडच्या मे महिन्यांत तेथें काय होतें, तें मीं पाहिलें आहे.

आणखी एक. मजकडे येणारे पालक 'मुलगा' खेळूं लागला म्हणूनच येतात. 2018 सालीं गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत भारताच्या महिला संघानें सुवर्णपदक मिळविलें. त्या संघांत ठाण्याच्या मधुरिका पाटकर व पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धे होत्या. आमच्या टेबलावर मुलीहि खेळतात. त्यांच्या वडिलांची मी वाट पाहात आहें.

त्या विद्यार्थ्यास मीं शाळेच्या कपाटांतील जुनी पांच थरांची फळी दिली आणि तिला नवीं रबरें माझ्या पदरचीं लावलीं. पुश ताब्यांत येण्यास चार महिने लागले. टॉपस्पिनला हात पुन्हा मोकळा होण्यास त्याहून अधिक. ती महाग फळी विकून टाकूं, जितके येतील तितके पैसे परत घ्या, उरलेले मी भरतों, असें मीं वडिलांस म्हणालों. ते म्हणाले, "राहूं द्या, सर. पोरगं मोठं झाल्यावर लागेल." तेव्हांपासून ती धुतलेल्या कापडांत गुंडाळून माझ्याकडे आहे. मुलगा आतां अकरावींत आहे. गेल्या जूनमध्यें त्यानें ती मागून घेतली, अर्धा तास खेळून पाहिली, कापडानें पुसली आणि परत माझ्या हातीं दिली.

"अजून नाहीं, सर," तो म्हणाला.